ऐकण्याआधी वाचलेलं संगीत

रॉक संगीत मी आधी वाचलं, मग ऐकलं. नव्वदीच्या सुरुवातीला डोंबिवलीतल्या मुलीला ते ऐकायला मिळण्यापेक्षा वाचायला मिळणं सोपं होतं. फोर्टात, फ्लोरा फाउंटनच्या आसपास फुटपाथवर बसणाऱ्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे परदेशी मासिकांचे मळके अंक यायचे. माझा मावसभाऊ कॉलेजातून येताना ते घेऊन यायचा. त्याला त्यातले फोटो हवे असायचे. ते कापून झाले की उरलेला अंक माझा. त्यामुळे पुष्कळ लेखांच्या मधोमध चौकोनी खिडकी पडलेली असायची, कारण मागच्या पानावर कुणीतरी गिटारवाला उभा असायचा. मी उरलेला मजकूर वाचायचे आणि खिडकीतून पडून गेलेलं वाक्य काय असेल ते मनाने जुळवायचे.

ज्या रेकॉर्डबद्दल वाचलं ती प्रत्यक्ष कानावर पडायला कधी कधी दहा-दहा वर्षं लागली. तोवर ते वर्णन म्हणजेच माझ्यापुरतं ते संगीत होतं. पुढे इंटरनेट आलं, सगळं एका बोटावर आलं, आणि मी त्या जुन्या लेखांतली एकेक रेकॉर्ड शोधून ऐकायला लागले. तेव्हा एक गोष्ट वारंवार जाणवली. समीक्षकाने दिलेला निकाल मला बहुतेक वेळा पटत नव्हता, पण त्याने जे ऐकलं म्हणून लिहिलं होतं ते त्या रेकॉर्डमध्ये अगदी तसंच्या तसं होतं. एखाद्या बँडला त्याने मोडीत काढलेलं असे, तो बँड पुढे अजरामर झालेला असे, आणि तरीही मोडीत काढताना त्याने ज्या खोडीवर बोट ठेवलं होतं ती खोडी तिथे स्पष्ट ऐकू येत असे. निकाल शिळा झाला होता, कान शाबूत होता. तेव्हापासून ही माणसं मला त्यांच्या विषयाइतकीच जवळची वाटत आली आहेत.

पहिल्या फळीतल्या या लोकांना हे काम कुणी शिकवलेलं नव्हतं. पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजविद्यार्थ्याने फेब्रुवारी १९६६ मध्ये 'क्रॉडॅडी' हे रॉकवरचं नियतकालिक सुरू केलं, तेही सायक्लोस्टाइलवर काढलेल्या पानांचं. 'रोलिंग स्टोन' आलं नोव्हेंबर १९६७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. शास्त्रीय संगीतावर लिहिणाऱ्यांच्या मागे काही पिढ्यांची परिभाषा होती. जॅझवर लिहिणाऱ्यांचीही एव्हाना तयार झाली होती. या पोरांकडे होता रेकॉर्ड प्लेअर आणि टाइपरायटर. शब्द त्यांनाच घडवायचे होते, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते गायक-वादकही त्यांच्याच वयाचे होते. ते हे लेख वाचत. नुसते वाचत नसत, मनाला लावून घेत.

एरिक क्लॅप्टनचंच घ्या. १९६८ मध्ये 'क्रीम' हा त्याचा बँड कीर्तीच्या शिखरावर होता. लंडनच्या भिंतींवर 'क्लॅप्टन इज गॉड' असं लिहिलं जायचं. त्या मे महिन्यात रोलिंग स्टोनमध्ये जॉन लँडाऊ या जेमतेम विशीतल्या समीक्षकाने त्याच्याबद्दल लिहिलं की हा ब्लूजच्या घिशापिट्या तुकड्यांचा उस्ताद आहे. क्लॅप्टनने तो अंक एका रेस्टॉरंटमध्ये वाचला. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की त्यातल्या खरेपणाचा धक्का इतका जबर होता की तो तिथेच भोवळ येऊन पडला, आणि बँड मोडायचं त्याच्या मनाने तेव्हा घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीमचा निरोपाचा कार्यक्रम झाला.

मला या गोष्टीत लँडाऊपेक्षा क्लॅप्टनचं मोठेपण जास्त दिसतं. भिंती ज्याला देव म्हणत होत्या त्याला एका पोराच्या वाक्यात आपला चेहरा दिसला आणि त्याने तो नाकारला नाही. क्रीमची ती लांबलचक लाइव्ह वादनं मी ऐकते तेव्हा मला ती आजही आवडतात. पण वादन लांबलं की ठरावीक वळणं परत परत येतात, हेही ऐकू येतं. लँडाऊचं वाक्य एकदा वाचलं की ते कानातून जात नाही.

हाच लँडाऊ सहा वर्षांनी दुसऱ्या एका वाक्याने अमर झाला. ९ मे १९७४ ला अमेरिकेतल्या केंब्रिजच्या हार्वर्ड स्क्वेअर थिएटरमध्ये त्याने ब्रूस स्प्रिंगस्टीनला ऐकलं आणि 'द रिअल पेपर'मध्ये लिहिलं: मी रॉक अँड रोलचं भविष्य पाहिलं, आणि त्याचं नाव आहे ब्रूस स्प्रिंगस्टीन. रेकॉर्ड कंपनीने ते वाक्य जाहिरातीत वापरलं. लँडाऊने पुढच्याच वर्षी स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न टू रन'च्या निर्मितीत हात घातला आणि कालांतराने त्याचा मॅनेजर झाला. त्या वाक्याची कीर्ती मोठी आहे. मला मात्र ते क्लॅप्टनवरच्या वाक्यापुढे फिकं वाटतं, कारण त्यात भाकीत आहे, ऐकलेलं काही नाही. त्याच लेखात लँडाऊने स्वतःच्या थकव्याबद्दल लिहिलं आहे. सत्ताविशीतच आपण म्हातारे झालो असं वाटणाऱ्या माणसाला एका रात्रीत पुन्हा तरुण वाटलं, तो भाग खरा वाचण्यासारखा आहे. दुर्दैवाने जाहिरातीत तो मावत नव्हता.

लंडनमध्ये १९७६ साली 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'च्या चार्ल्स शार मरीने 'द क्लॅश' या नवख्या बँडबद्दल लिहिलं की असल्या गॅरेजमधल्या बँडला लगेच परत गॅरेजात पाठवावं, आणि तेही शक्यतो गाडीचं इंजिन चालू ठेवून. फार दुष्ट वाक्य आहे. क्लॅशने त्यावर खुलासा वगैरे केला नाही. त्यांनी 'गॅरेजलँड' नावाचं गाणं केलं आणि १९७७ च्या पहिल्याच रेकॉर्डचा शेवट त्या गाण्याने केला. म्हणजे मरीने जे ऐकलं होतं, तो पत्र्याच्या खोलीत घुमल्यासारखा कच्चा, घाईचा आवाज, तो त्यांनी मान्य केला. शिक्षा तेवढी नाकारली. आज ते गाणं ऐकताना मला नेहमी वाटतं की यात मरीचाही वाटा आहे.

आता पाचगणीबद्दल.

डेव्ह मार्श हा डेट्रॉईटकडचा समीक्षक. 'पंक रॉक' (कच्चं, वेगवान, बंडखोर रॉक) हा शब्द छापील मजकुरात रुळवणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. कामगारवस्तीतल्या, सरळ मनाच्या, लोकांच्या बाजूने बोलणाऱ्या संगीतावर त्याचं प्रेम. १९७९ मध्ये रोलिंग स्टोनमध्ये 'क्वीन' या बँडच्या 'जॅझ' या रेकॉर्डवर लिहिताना त्याने 'वी विल रॉक यू'चा समाचार घेतला. हे गाणं म्हणजे कवायतीचा हुकूम आहे, तुम्ही आम्हाला नाही, आम्हीच तुम्हाला हलवणार असा त्याचा सूर आहे, असं म्हणून तो लिहितो की क्वीन हा कदाचित पहिला खराखुरा फॅसिस्ट रॉक बँड असावा.

हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला राग आला होता, आणि त्या रागाला एक कारण होतं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. तिथेच तो पियानो शिकला. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड शाळेतल्या मित्रांचा होता. आपण सगळे टेबल लँडवर घोड्यावर बसून फोटो काढून घेतो, त्या पठाराच्या खालच्या बाजूला हे घडत होतं. पन्नाशीच्या दशकात आई-वडिलांपासून समुद्रापलीकडे, सातारा जिल्ह्यातल्या थंड हवेच्या गावात राहणारा, पुढे आलेल्या दातांवरून चिडवला जाणारा मुलगा. १९६४ मध्ये झांझिबारच्या उठावानंतर त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. त्या मुलाला कुणी फॅसिस्ट म्हणावं?

पण मार्शने काय ऐकलं ते बाजूला ठेवून राग धरणं मला जमलं नाही. 'वी विल रॉक यू'मध्ये बराच वेळ वाद्य असं काही वाजतच नाही. दोनदा पाय, एकदा टाळी. दोनदा पाय, एकदा टाळी. गिटार येते ती अगदी शेवटी. बाकीचं गाणं हजारो लोकांनी एकाच क्षणी एकच हालचाल करावी एवढ्यासाठीच रचलेलं आहे, आणि क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांनी ते तशाच हेतूने लिहिल्याचं अनेकदा सांगितलं आहे. मार्शला ऐकू आली ती हीच गोष्ट. फक्त त्याला त्या हालचालीत हुकूम ऐकू आला.

१३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाचं चित्रण पाहिलं की हा वाद डोळ्यांसमोर उभा राहतो. वेम्बली स्टेडियम, भर दिवसाचं ऊन, आणि 'रेडिओ गा गा'ला सत्तर हजारांहून अधिक लोक एकदम हात वर करून टाळी देतात. मार्शच्या डोळ्यांनी पाहिलं तर अंगावर काटा येऊ शकतो. मग फ्रेडी एकटाच पुढे येतो आणि नुसत्या 'ए ओ'ची तान गर्दीकडे फेकतो, गर्दी ती परत करते. तो अवघड करत नेतो, लोक अडखळतात, तरी गातात. हुकूम देणारा माणूस समोरच्यांना कधी असं खेळवत नाही. इथे मार्शचा निकाल मोडतो. पण तो का मोडतो हे मला नीट पाहायला लावलं ते मार्शनेच. त्याचा तो लेख नसता तर मीही इतरांसारखं 'काय एनर्जी आहे' एवढं म्हणून पुढे गेले असते.

ग्रील मार्कसबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्याची पुस्तकं सहज मिळतात. बॉब डिलनच्या 'सेल्फ पोर्ट्रेट'वर त्याने १९७० मध्ये लिहिलेल्या परीक्षणाचं पहिलं वाक्य होतं, ही काय घाण आहे? सगळ्यांना तेवढंच आठवतं. मला आठवतं ते त्याच लेखातलं दुसरं: डिलनने नुसते जोरजोरात श्वास घेतलेली रेकॉर्डही मी विकत घेईन असं मी एकदा म्हटलं होतं, आजही घेईन, पण हळूहळू श्वास घेतलेली नाही घेणार. या एका वाक्यात भक्ती किती, निराशा किती आणि तक्रार नेमकी कशाची, सगळं आलं. डिलन वाईट गातोय ही तक्रारच नाही. तो मन लावून वाईटही गात नाहीये, ही आहे. २०१३ मध्ये त्याच काळातली उरलीसुरली ध्वनिमुद्रणं 'अनदर सेल्फ पोर्ट्रेट' म्हणून निघाली तेव्हा सोबतचं टिपण लिहायला बोलावलं मार्कसलाच. त्रेचाळीस वर्षांनी.

रॉबर्ट क्रिस्टगाऊ हे प्रकरण वेगळं. १९४२ चा जन्म, न्यूयॉर्कचे रहिवासी, आणि 'अमेरिकन रॉक समीक्षकांचे डीन' ही पदवी त्यांनी सत्तरीच्या सुरुवातीला एका कार्यक्रमात स्वतःच स्वतःला दिली. ती चिकटली, कारण काम त्या तोलाचं होतं. 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात जुलै १९६९ पासून त्यांचं 'कन्झ्युमर गाइड' येऊ लागलं: एका रेकॉर्डला एक परिच्छेद, आणि शेवटी शाळेसारखी श्रेणी, ए प्लसपासून ई मायनसपर्यंत. परिच्छेद इतका घट्ट असतो की एक शब्द सुटला तर अर्थ हातचा जातो. १९९० मध्ये त्यांनी पद्धत बदलली. मधल्या दर्जाच्या रेकॉर्डवर लिहायचंच नाही असं ठरवलं आणि चिन्हं आणली. जिच्यात एखादंच गाणं जमलं आहे तिला कात्री, पार फुकट गेलेलीला बाँब.

आवडीनिवडी टोकाच्या. हेवी मेटल त्यांना कधी भावलं नाही, लांबलचक प्रोग्रेसिव्ह रॉकही नाही. उलट आफ्रिकेतलं लोकप्रिय संगीत, हिप-हॉप, साध्या तीन मिनिटांच्या गाण्यातली चलाखी यांवर जीव. दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या, गाण्यांचं 'द इनडिस्ट्रक्टिबल बीट ऑफ सोवेटो' हे संकलन ऐंशीच्या दशकात निघालं, त्याला त्यांनी ए प्लस दिली. ती श्रेणी वाचली नसती तर ते उड्या मारणारं बेस गिटार आणि महालाथिनी या गायकाचा तो घोगरा, जमिनीखालून आल्यासारखा आवाज मी कधी शोधला नसता. मेटलवरून माझं त्यांच्याशी कायमचं भांडण आहे. मुंबई-पुण्यातल्या मेटलवेड्या पोरांसोबत मी रंगभवनच्या मैदानात घाम गाळला आहे आणि त्या आवाजात काय आहे ते मला माहीत आहे. पण सोवेटोच्या बदल्यात मी ते भांडण आनंदाने चालू ठेवते.

कलावंतांना त्या श्रेणीची चीड यायची, आणि ती समजण्यासारखी आहे. लू रीड या रॉक गायकाने १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'बॉटम लाइन' क्लबमध्ये कार्यक्रम केला, तो 'टेक नो प्रिझनर्स' म्हणून निघाला. त्यात गाणं मधेच सोडून तो क्रिस्टगाऊंवर घसरतो, नाव घेऊन, शिव्या देऊन. तुम्ही वर्षभर मरमर काम करायचं आणि व्हिलेज व्हॉइसमधला कुणीतरी तुम्हाला बी प्लस देणार, असा तो संताप. क्रिस्टगाऊंनी काय करावं? त्यांनी ती रेकॉर्ड रीतसर ऐकली, रीतसर परीक्षण केलं, माझ्या नावाचा उच्चार बरोबर केल्याबद्दल लू यांचे आभार मानले आणि सी प्लस दिली. 'सॉनिक यूथ' या बँडनेही १९८३ च्या एका गाण्यात त्यांना नावानिशी झोडलं. त्याच बँडच्या नंतरच्या रेकॉर्डना त्यांनी वरच्या श्रेणी दिल्या. अपमान खिशात घालून पुढची रेकॉर्ड नव्याने ऐकता येणं, हा गुण मला त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाहून मोठा वाटतो. २००६ मध्ये मालक बदलल्यावर व्हॉइसने त्यांना काढलं. ते लिहितच राहिले. आता ऐंशी ओलांडल्यावरही त्यांचं ऐकणं आणि श्रेण्या देणं सुरू आहे.

एलन विलिस मला फार उशिरा भेटली. फुटपाथवरच्या त्या अंकांत ती नव्हतीच. १९६८ मध्ये 'द न्यूयॉर्कर'ने पहिल्यांदा पॉप संगीताचा समीक्षक नेमला, तो म्हणजे ही सव्वीस वर्षांची मुलगी. 'रॉक, एट्सेट्रा' हे सदर तिने १९७५ पर्यंत लिहिलं, मग ती स्त्रीवादी चिंतनाकडे वळली आणि ते लेख जवळजवळ विस्मरणात गेले. २००६ मध्ये ती वारली. तिच्या मुलीने ते लेख गोळा करून 'आउट ऑफ द व्हिनाइल डीप्स' हे पुस्तक काढलं, ते २०११ मध्ये. तेव्हा कुठे ती माझ्यापर्यंत पोचली, आणि या सगळ्या मंडळींत माझ्या डोक्यात सर्वांत खोल गेली ती तीच.

तिची एक कसोटी आहे. पुरुषाने बाईबद्दल लिहिलेलं गाणं घ्या आणि स्त्री-पुरुषांची अदलाबदल करून पाहा. 'रोलिंग स्टोन्स' या बँडचं 'अंडर माय थम्ब' हे उघड उर्मट गाणं: ही बाई आता माझ्या मुठीत आहे. उलटं करा. एखादी बाई हेच गाणं चांगलं ठसक्यात म्हणू शकते. आता कॅट स्टीव्हन्सचं 'वाइल्ड वर्ल्ड' घ्या. हळुवार, प्रेमळ, निघून चाललेल्या मुलीला सांगणारं की जग फार वाईट आहे, जपून राहा. उलटं करा. निघून जाणाऱ्या पुरुषाला कुठलीही बाई असं सांगत नाही, कारण त्याला जगात एकट्याने वावरता येणार नाही असं ती गृहीतच धरत नाही. विलिसच्या मते दुसरं गाणं पहिल्यापेक्षा जास्त बाईविरोधी आहे.

हे वाचलं त्या आठवड्यात घरातली एकही गाणी माझ्या तावडीतून सुटली नाहीत. आई स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर लावते, त्यावरची जुनी हिंदी गाणी, भावगीतं, सगळी मी उलटी करून पाहिली. आईला कसोटी समजावून सांगितली तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "अगं, ती काळजीची गाणीच जास्त घाबरवतात. ओरडणाऱ्याला निदान उत्तर देता येतं." विलिसने पानभर लिहिलेलं तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं.

विलिसचा दुसरा लेख १९७७ चा. 'सेक्स पिस्टल्स'चं 'बॉडीज' हे गाणं गर्भपाताबद्दल आहे, आणि ते ऐकून एका स्त्रीवादी बाईला जो त्रास व्हायला हवा तो तिला पुरेपूर झाला. मानवी शरीराचीच त्यात किळस आहे, हे ती स्वच्छ लिहिते. आणि तरीही ती रेकॉर्ड तिला सोडत नाही. उलट बायकांनी बायकांसाठी केलेलं, विचाराने निर्दोष असलेलं संगीत ऐकून तिला मरगळ येते. तिचं म्हणणं असं की भित्रं संगीत ऐकलं की मलाही भित्रं वाटतं, त्याचं राजकारण कितीही बरोबर असो. जो आवाज त्याला हवं ते बेधडक मागतो तो मलाही माझं हवं ते मागायला शिकवतो, मग त्याचे शब्द माझ्या विरोधात का असेनात. स्वतःच्या पक्षाला अडचणीत आणणारं ऐकणं इतक्या शांतपणे लिहून ठेवायला फार ताकद लागते.

निक कोन या समीक्षकालाही ऐकण्याची ताकद होती. 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडने 'टॉमी' ही रेकॉर्ड तयार होत असताना त्याला ती ऐकवली. कोनला ती जड वाटली. त्याला पिनबॉल या यंत्रावरच्या खेळाचं वेड. टाउनशेंडने विचारलं, यातला मुलगा पिनबॉल खेळत असेल तर? मग पाच तारे, कोन म्हणाला. 'पिनबॉल विझर्ड' हे गाणं असं जन्मलं. पण हाच कोन १९७६ मध्ये 'न्यूयॉर्क' मासिकात ब्रुकलिनच्या डिस्कोत नाचणाऱ्या पोरांवर लेख लिहितो, त्यावर 'सॅटरडे नाइट फीव्हर' हा सिनेमा येतो, आणि वीसेक वर्षांनी तो कबूल करतो की त्या लेखातला मुख्य माणूस त्याने रचलेला होता. मार्शचा फॅसिस्ट, मरीचं गॅरेज हे सगळं मी पोटात घालू शकते. हे मला घालता येत नाही. निकाल कसाही द्यावा, पण पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नये.

आणि लेस्टर बँग्ज. याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

कॅलिफोर्नियातल्या एल कहोन या आडगावात, कडक धार्मिक आईच्या हाताखाली वाढलेला मुलगा. वीस वर्षांचा असताना, १९६९ मध्ये, त्याचं पहिलं परीक्षण रोलिंग स्टोनमध्ये आलं. डेट्रॉईटच्या 'एमसी फाइव्ह' या बँडला त्याने त्यात झोडपून काढलं. पुढे तो त्याच डेट्रॉईटला गेला, तिथल्या 'क्रीम' मासिकात रुजू झाला (क्लॅप्टनच्या बँडचं आणि याचं स्पेलिंग वेगळं) आणि त्याच एमसी फाइव्हच्या प्रेमात पडला. १९७० मध्ये 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या रेकॉर्डवर त्याने लिहिलं की गिटार आणि बेस एकमेकांच्या अंगणात धडपडतात आणि जुळत मात्र कुठेच नाहीत, अगदी क्लॅप्टनच्या बँडसारखं, पण त्याहून वाईट. दोनच वर्षांनी त्याने त्याच बँडवर एक लांबलचक लेख लिहिला आणि त्यांना नीतिवादी ठरवलं: युद्ध, नशा आणि सैतान यांची भीती खरोखर वाटणारी ही कामगारांची पोरं आहेत, असं. ते अडखळतं, जड वाजवणं त्याला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा ते का तसं आहे हे उमगलं. १९७३ मध्ये रोलिंग स्टोनने त्याला काढलं, संगीतकारांचा अनादर करतो म्हणून.

डेट्रॉईटच्या कोबो हॉलमधला प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे, १९७४ मध्ये. 'जे. गाइल्स बँड'च्या लोकांनी त्याला म्हटलं, एवढं बोलतोस तर ये की स्टेजवर, आणि तुझं वाद्य घेऊन ये. बँग्जचं वाद्य म्हणजे टाइपरायटर. तो खरोखरच ते घेऊन भरलेल्या हॉलसमोर स्टेजवर गेला. टाइपरायटरला मायक्रोफोन लावला होता. बँड वाजवतोय आणि हा गाण्याच्या लयीत कळा बडवतोय, त्याच कार्यक्रमाचं परीक्षण टाइप करत. कागदावर उमटलं ते अक्षरांचं कडबोळं. शेवटी त्याने टाइपरायटर खाली पाडला आणि त्यावर नाचून त्याचे तुकडे केले. पुष्कळ जण हे गंमत म्हणून सांगतात. मला त्यात त्याची श्रद्धा दिसते. लिहिणं हेही वाजवणं आहे, त्यालाही ताल असतो आणि तेही लोकांसमोर फसू शकतं, हे त्याने स्वतःच्या देहाने करून दाखवलं. त्याची वाक्यं मोठ्याने वाचून पाहा. श्वास कुठे घ्यायचा ते त्याने ठरवलेलं असतं.

लू रीड हे त्याचं दैवत आणि त्याचा शत्रूही. दोघांच्या मुलाखती म्हणजे कुस्त्या. रीडने १९७५ मध्ये 'मेटल मशीन म्युझिक' काढली: तासाभराहून जास्त नुसता गिटारचा फीडबॅक, म्हणजे गिटार स्पीकरजवळ धरली की उठणारी किंचाळी, ना शब्द, ना सूर. लोकांनी रेकॉर्ड दुकानात परत नेऊन दिल्या. बँग्जने तिला आजवरची सर्वश्रेष्ठ रेकॉर्ड म्हटलं. मी बरीच वर्षं ती केवळ त्याच्या शब्दांतून ओळखत होते. अखेर ऐकली तेव्हा पहिली दहा मिनिटं दात शिवशिवले, आणि मग त्या किंचाळीच्या आत बारीक बारीक धून फिरताना ऐकू यायला लागल्या. त्या आहेत हे मला बँग्जमुळेच ठाऊक होतं. सर्वश्रेष्ठ वगैरे मी म्हणणार नाही.

१९७७ मध्ये गायक एल्व्हिस प्रेस्ली गेला तेव्हा बँग्जने व्हॉइसमध्ये लिहिलं की एल्व्हिसवर आपलं जसं एकमत झालं तसं यापुढे कशावरही होणार नाही, म्हणून मी त्याच्या कलेवराचा निरोप घेत बसत नाही, तुमचा घेतो. आणि १९७९ मध्ये त्याच व्हॉइसमध्ये त्याने 'द व्हाइट नॉइज सुप्रीमसिस्ट्स' लिहिलं. न्यूयॉर्कच्या पंक वर्तुळात वंशद्वेषी शब्द बंडखोरी म्हणून, विनोद म्हणून सर्रास फेकले जात. बँग्जने तिथल्या कृष्णवर्णीय लोकांशी बोलून त्यांना काय वाटतं ते लिहिलं. आणि क्रीम मासिकाच्या दिवसांत आपण स्वतः पार्ट्यांत आणि छापील मजकुरात हेच शब्द कसे वापरले, तेव्हा ते किती धीट वाटायचं, तेही नावनिशीवार मांडलं. दहा वर्षं दुसऱ्यांचा आवाज ऐकणाऱ्या माणसाने तोच कान स्वतःकडे वळवला. त्यानंतर तीन वर्षांनी, ३० एप्रिल १९८२ ला, न्यूयॉर्कमधल्या घरी तो वारला. वय तेहतीस.

आता दशांश चिन्हातले गुण आले आहेत, साडेसात आणि सात पूर्णांक सहा यांतला फरक सांगणारे. शिव्याही येतात, स्तुतीही येते, पण गाण्यात नेमकं काय ऐकलं ते फार थोडे लिहितात. ज्यांना या जुन्या मंडळींकडे जायचं आहे त्यांनी बँग्जचा 'अ‍ॅस्ट्रल वीक्स'वरचा लेख आधी वाचावा. मार्कसने १९७९ मध्ये निर्जन बेटावर नेण्याच्या रेकॉर्डवरचे लेख गोळा करून 'स्ट्रँडेड' हे पुस्तक काढलं, त्यात तो आहे. व्हॅन मॉरिसनची ती रेकॉर्ड १९६८ ची. बँग्ज ती ऐकत होता तेव्हा शरीराने आणि मनाने पार खचलेला होता. 'मॅडम जॉर्ज' या गाण्यात मॉरिसन एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, त्याबद्दल बँग्जने जे लिहिलं आहे ते वाचून मग गाणं लावा. माझ्या भाच्याला मी हाच क्रम सांगितला. त्याने उलटं केलं, आधी ऐकलं, मग वाचलं, आणि आता बँग्जचं कुठे चुकलं यावर तो माझ्याशी आठवडाभर वाद घालतोय.